निरोप आला नाही, तर

माझे बाबा मैलकुली होते. सार्वजनिक बांधकाम खात्यातला हा शब्द आता कानावर फारसा येत नाही. रस्त्याचा एक ठरलेला तुकडा ज्याच्या हवाली असतो, जो तो तुकडा रोज पायी चालतो, खड्ड्यात गिट्टी टाकतो, साइडपट्टी भरतो, मोरीत अडकलेला पालापाचोळा काढतो, आडवं पडलेलं झाड दिसलं की आधी लाल फडकं बांधतो आणि मग कुऱ्हाड हातात घेतो, तो मैलकुली. बाबांचा तुकडा चंद्रपूर–मूल रस्त्यावर, केळझरच्या जंगलात होता.

एसटीचे चालक त्यांच्याजवळ गाडी हळू करत आणि पुढची खबर विचारत. सुट्टीत त्यांचा डबा घेऊन जायचे तेव्हा हे बोलणं मी कितीदा ऐकलं आहे. बाबांच्या उत्तराची एक ठरलेली घडण होती. "पुढं रस्ता मोकळा आहे," असं ते कधीच म्हणत नसत. "नऊ वाजता मी गेलो होतो, तवा मोरीवर पाणी नव्हतं," असं म्हणत. चालक घड्याळाकडे बघे, आभाळाकडे बघे आणि पुढचं स्वतः ठरवी.

या एका वाक्यात किती शहाणपण आहे हे मला फार उशिरा कळलं. आज मी पुण्यात गाड्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. गाडी स्वतःहून वेग सांभाळते, पुढच्या वाहनापासून अंतर ठेवते, गरज पडली तर ब्रेक लावते. या कामांमागचं जे तर्कशास्त्र असतं, ते लिहिणं आणि ते सुरक्षित आहे याची खात्री करणं हा माझा व्यवसाय. गेली काही वर्षं आमच्या गटाकडे एक प्रयोग आहे: गाडीच्या स्वतःच्या डोळ्यांना जे दिसत नाही, ते बाहेरून आलेल्या माहितीच्या आधारे तिला आधीच कळवायचं. बाबांनी लाल फडक्यानं जे केलं, तेच काम. फरक इतकाच की आमचं फडकं उपग्रह, मोबाइलचे मनोरे आणि दूरवरचे सर्व्हर यांमधून येतं.

गाडीला कॅमेरा असतो, रडार असतं. पण दोघांचीही नजर वळणापाशी संपते. वळणापलीकडे काय आहे हे कळायला नकाशा लागतो, हवामान खात्याचा अंदाज लागतो, नदीची पातळी लागते, अपघातांच्या जुन्या नोंदी लागतात, पुढे गेलेल्या गाड्यांचे निरोप लागतात. हे सगळं एकत्र जोडून गाडीसमोर जे चित्र उभं करतात, त्याला आमच्या धंद्यात 'इलेक्ट्रॉनिक होरायझन' म्हणतात. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादेची जाणीव करून देणारी यंत्रणा सक्तीची झाली आहे. रस्त्याकडेच्या पाट्या वाचणारा कॅमेरा आणि वेगमर्यादा नोंदलेला नकाशा यांच्यावर ती चालते. तिथं हे जमतं, कारण तिथं पाट्या जागेवर असतात आणि नकाशा सतत ताजा केला जातो.

आमच्या गटाच्या सुरुवातीच्या चाचण्या पुणे–मुंबई द्रुतगती मार्गावर झाल्या. आकडे उत्तम आले. तेव्हा बैठकीत मी एकच गोष्ट लावून धरली: हीच गाडी मला चंद्रपूर–गडचिरोलीत चालवून बघायची आहे. गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे. चंद्रपूर जिल्ह्यात दोनशेहून अधिक वाघ आहेत, आणि त्यांतले कितीतरी ताडोबा-अंधारीच्या राखीव क्षेत्राबाहेर, शेतं आणि गावांच्या मधल्या जंगलात राहतात. २०२१ मध्ये छत्तीसगडातून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. जिथं रस्ता माणसाइतकाच जनावराचाही आहे, तिथं जी यंत्रणा टिकेल तीच खरी, असं माझं म्हणणं होतं. ते मान्य झालं.

पहिल्याच रात्री ताडोबाच्या कडेच्या मोहर्लीकडच्या रस्त्यानं आम्हाला धडा दिला. ताशी ८० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर अंतर कापते. समोर काही दिसल्यावर पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर त्यातच ३३ मीटर जातात. कोरड्या डांबरावर ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत आणखी ४१. एकूण ७४ मीटर. खाली केलेल्या दिव्यांच्या उजेडात काळसर जनावर चाळीस-पन्नास मीटरच्या पलीकडे धड दिसत नाही. म्हणजे दिसेल तेव्हा उशीर झालेला असेल, हे गणितातच लिहिलेलं आहे. वेग ५० वर आणला की तेच एकूण अंतर ३७ मीटर होतं. यंत्राची प्रतिक्रिया माणसापेक्षा जलद असते हे खरं, पण गाडी किती अंतरात थांबेल हे शेवटी टायर आणि डांबर ठरवतात. आणि चितळ बांबूच्या बेटातून उडी मारून येतं, तेव्हा ते आधी दिसतच नाही. रोही, म्हणजे नीलगाय, भिंतीसारखा अंगावर येतो. रानडुक्कर तर कॅमेऱ्याला रस्त्याच्या काळ्या ठिगळासारखंच दिसतं.

पावसाळ्यात भर गाईगुरांची. शिवारात चिखल झाला की जनावरं कोरड्या, ऊबदार डांबरावर येऊन बसतात. बसलेली गाय रडारला पुरेशी ठळक दिसत नाही. शिवाय बऱ्याच यंत्रणा न हलणाऱ्या वस्तूंकडे मुद्दाम कमी लक्ष देतात, नाहीतर प्रत्येक पाटीपाशी आणि पुलापाशी गाडी दचकेल. या सगळ्याला एकच खात्रीचा उपाय होता: अशा तुकड्यात शिरण्याआधीच वेग कमी असला पाहिजे. आणि 'अशा तुकड्यात' म्हणजे कुठे, हे गाडीला बाहेरूनच कळणार होतं.

बाहेरून कळवणारं कोण, हा प्रश्न तिथून सुरू झाला.

भारतीय रस्त्यांच्या चित्रांचा एक मोठा संच हैदराबादच्या आयआयआयटीनं इंटेलच्या मदतीनं २०१८ मध्ये खुला केला. १०,००० चित्रं, ३४ प्रकारच्या गोष्टींची बारीक आखणी, त्यात ऑटोरिक्षाही, जनावरंही. परदेशी संचांवर शिकलेल्या कॅमेऱ्याला भारत शिकवण्यात या कामाचा मोठा वाटा आहे, आणि आम्ही ते कृतज्ञतेनं वापरलं. पण ती चित्रं हैदराबाद, बंगळूर आणि त्यांच्या आसपासची. सागाच्या बनातून जाणारा एकपदरी रस्ता त्यात फार थोडा. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं नकाशांचे नियम मोकळे केले, त्यामुळे बारीक नकाशे करणं आमच्यासारख्यांना पुष्कळ सोपं झालं. तरी नियम मोकळे झाले म्हणून धानोऱ्यापलीकडचा रस्ता कोणी मोजून ठेवलेला असतो असं नाही. सागाच्या दाट, ओल्या पानांखाली उपग्रहाचा संदेशही डगमगतो. रस्त्यावर असलेली गाडी नकाशात नाल्यात उभी दिसते.

अपघातांच्या नोंदींचंही तसंच. केंद्राच्या व्याख्येप्रमाणे ५०० मीटरच्या तुकड्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजेचे ५ अपघात झाले, किंवा १० माणसं दगावली, तर ती जागा 'ब्लॅक स्पॉट' ठरते. ही व्याख्या वर्दळीच्या रस्त्यांसाठी ठीक आहे. जिथं दिवसाला मोजक्या गाड्या जातात, जिथं मोटारसायकल रानडुकराला धडकली तर माणूस फुटलेला गुडघा घेऊन घरी जातो आणि पोलिसात कोणी जात नाही, तो तुकडा नोंदीत कोरा राहतो. आमच्या पडद्यावर धोक्याच्या जागा लाल दिसत होत्या. मूलपासून पूर्वेकडे, वैनगंगा ओलांडून जसजसं आत जावं, तसतसा लाल रंग विरळ होत गेला आणि भामरागडच्या बाजूला नकाशा जवळजवळ पांढराशुभ्र झाला. आमच्यातला एक तरुण सहकारी मनापासून म्हणाला, "मॅडम, इकडचे रस्ते तर सगळ्यात सुरक्षित दिसतायत."

तो चुकला नव्हता. पडदा त्याला तेच सांगत होता. तेव्हा मला केळझरच्या मोरीवर उभे असलेले बाबा आठवले. निरोप आला नाही म्हणजे रस्ता मोकळा, असं त्यांनी कधीही धरलं नसतं.

दुसरी गोष्ट आमच्याच चुकीतून शिकायला मिळाली. चामोर्शी–आष्टी रस्त्यावर आमच्या नकाशात एक तीव्र वळण होतं. रस्ता रुंद करताना ते काढून टाकलेलं होतं, पण नकाशा जुनाच होता. गाडीनं सरळ, रिकाम्या रस्त्यावर वळणासाठी कचकन वेग कमी केला. मागे भरलेला ट्रक होता. त्याच्या चालकानं गाडी साइडपट्टीवर घातली म्हणून आम्ही वाचलो. तो खाली उतरला, आमच्याकडे आला आणि त्यानं फक्त रस्त्याकडे हात करून विचारलं, "काय होतं समोर?" काहीच नव्हतं. त्या माणसाला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वाहनांच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ २६२६२ हे मानक आहे. प्रत्येक बिघाडाबद्दल ते तीन प्रश्न विचारायला लावतं: इजा किती होईल, असा प्रसंग किती वेळा येईल, आणि चालकाला तो सावरता येईल का. त्याच्या जोडीला २०२२ मध्ये आयएसओ २१४४८ आलं. त्याचा विषय वेगळा आहे. यंत्रात काहीही बिघडलेलं नाही, तरी त्याला जे दिसलं किंवा कळलं ते अपुरं होतं म्हणून अपघात झाला तर काय? आमचा प्रसंग नेमका तो होता. एकही तार तुटलेली नव्हती. फक्त खबर शिळी होती.

त्या रात्री आष्टीतल्या मुक्कामी आम्ही एक नियम लिहिला आणि तो आजवर बदललेला नाही. बाहेरून आलेल्या माहितीला ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा अधिकार आहे. ॲक्सिलरेटर दाबायचा नाही, आणि ब्रेकवर जोरात पाय ठेवायचाही नाही. म्हणजे निरोप आला की गाडी हळूहळू, मागच्याला कळेल अशा बेतानं वेग उतरवेल. जोराचा ब्रेक लागेल तो गाडीच्या स्वतःच्या डोळ्यांनी समोर काही पाहिलं तरच. आणि बाहेरून कितीही खात्रीनं 'पुढे सगळं ठीक आहे' असं कळलं, तरी त्या भरवशावर गाडी एक किलोमीटरनंही वेग वाढवणार नाही. कारण बाहेरची खबर ज्यांनी तयार केली, त्यांनी ती आमच्या गाडीत बसलेल्या माणसाच्या जिवाची हमी घेऊन तयार केलेली नसते. हमी आम्हाला घ्यायची आहे. लाल फडकं गाडी हळू करायला सांगतं. ते कधी स्टिअरिंग धरत नाही.

तिसरा धडा पाण्याचा. चामोर्शी तालुक्यात घोटच्या बाजूला, आतल्या रस्त्यावर आम्ही ऑगस्टातल्या एका संध्याकाळी होतो. गाडी चामोर्शीचेच एक भाऊ चालवत होते. त्या भागात वीस वर्षं जीप चालवलेला माणूस. आमच्या गाडीला त्या तासाला मिळालेली माहिती अशी: या ठिकाणी हलका पाऊस, पुढे पूल आहे, रस्ता चालू. प्रत्यक्षात तो पूल म्हणजे ठेंगणा, पाण्याखाली जाणारा रपटा होता आणि त्यावरून वीतभर पाणी वाहत होतं. मावळतीच्या उजेडात ते पाणी आरशासारखं चमकत होतं, आणि कॅमेऱ्यानं त्या चकाकत्या पट्ट्याला गुळगुळीत, ओला रस्ता ठरवलं.

भाऊंनी गाडी अलीकडे थांबवली. उतरले, पाण्याच्या अगदी कडेला वाकले आणि एक काडी चिखलात उभी खोचली. मग बिडी पेटवून शांत उभे राहिले. मी विचारलं, "आता किती वेळ थांबायचं?" ते म्हणाले, "मॅडम, पाणी चढून राहिलं का उतरून राहिलं, थे पाहू द्या." मग त्यांनी दाखवलं. उतरणारं पाणी काठावर ओली पट्टी आणि अडकलेला कचरा मागे ठेवून जातं. इथं काठ वरपर्यंत कोरडा होता आणि पाणी काटक्या, फेस, सुकी पानं घेऊन येत होतं. दहा मिनिटांत काडी बुडाली. अर्ध्या तासात रपट्याचे कडेचे दगड दिसेनासे झाले. त्या जागी तोवर चार थेंब पडले होते. पाऊस वर कुठेतरी, डोंगरात पडून गेला होता.

आमच्या यंत्रणेत पावसाचा आकडा होता, पण तो जिथं गाडी उभी तिथला होता. नाल्याला त्याच्याशी देणंघेणं नसतं. त्याला वरचा पाऊस ठाऊक असतो. खरं म्हणजे हे वैनगंगेनं आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस मध्य प्रदेशातल्या पावसाचं पाणी आलं, गोसीखुर्दच्या ३३ दरवाजांतून प्रचंड विसर्ग झाला, आणि ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीपासून खालची गावं पाण्याखाली गेली. पूर कुठून येतो हे या भागातल्या शेतकऱ्याला पाठ आहे. भामरागडला पर्लकोटा नदी वर्षानुवर्षं पावसाळ्यात जुन्या ठेंगण्या पुलावरून वाहत आली आणि आलापल्लीकडचा रस्ता तुटत आला. त्या संध्याकाळनंतर आम्ही प्रत्येक नाल्याला त्याचं पाणलोट क्षेत्र जोडलं. रपट्याबद्दल निर्णय घेताना गाडी आता आपल्या डोक्यावरच्या ढगाला विचारत नाही, वरच्या अंगाच्या पावसाला विचारते. आणि खबरीसोबत एकच आकडा न ठेवता आम्ही दोन ठेवतो: पाणी किती, आणि गेल्या तासाभरात ते चढलं की उतरलं. ती खोचलेली काडी आता आमच्या प्रणालीत आहे.

प्रत्येक खबरीचं शिळं होण्याचं वय वेगळं असतं, हेही तिथंच उमगलं. पावसाची खबर पाव तासात जुनी होते, नदीची तासाभरात. रस्त्याचा नकाशा महिनोन् महिने चालतो. पण या भागात एक अशी माहिती आहे जी दर वर्षी ताजी होऊन परत येते आणि कुठल्याही सर्व्हरवर नसते. ती म्हणजे इथल्या लोकांच्या कामाचं पंचांग.

मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो. बायामाणसं, मुलं पहाटेच्या अंधारात टोपल्या घेऊन निघतात, कारण उशीर झाला तर फुलं जनावरं खातात. झाडाखालची जागा साफ करायला पाला पेटवतात, त्याचा धूर रस्त्यावर पडून राहतो. मे महिन्यात तेंदूपत्ता. सायकलींवर पानांचे भारे लादून लोक पानं गोळा होतात त्या फळीकडे निघतात, आणि भाऱ्यामागचा माणूस कॅमेऱ्याला दिसतच नाही. पावसाळ्यात रोवणीला निघालेल्या बायकांचे जथे. दिवाळीच्या पुढे डांबरावर वाळत घातलेलं धान. आणि थंडीभर झाडीपट्टीची नाटकं. वडसा हे त्यांचं माहेरघर. नाटक रात्रभर चालतं आणि पहाटे माणसं मोटारसायकलींवर तिघंतिघं, पोरं कडेवर घेऊन, डोळ्यांत झोप घेऊन आपापल्या गावाला परततात. महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा. एका पुणेकर सहकाऱ्यानं पहाटे साडेचारला रस्त्यावर एवढी गर्दी का, असा प्रश्न नोंदवहीत लिहिला होता. त्याचं उत्तर कुठल्याही उपग्रहाकडे नव्हतं. गावातल्या कोणत्याही पोराकडे होतं.

आम्ही ते पंचांग बसून तयार केलं. गावोगावी लोकांना विचारलं: तुमच्याकडे रस्त्यावर माणूस केव्हा असतो? आठवडी बाजार कुठल्या वारी? शाळा केव्हा सुटते? मोहाची झाडं कुठल्या अंगाला? लोकांनी आनंदानं सांगितलं. गेली दहा वर्षं मी सेन्सरचे कागद वाचते आहे, पण गाडीच्या सुरक्षिततेला या वहीइतकी भर दुसऱ्या कुठल्या एका स्रोतानं घातलेली मला आठवत नाही.

एक माहिती मात्र आम्ही जाणूनबुजून घेतली नाही. वाघ आत्ता कुठे आहे हे गाडीला कळलं तर बरंच होईल, असं पहिल्यांदा वाटतं. मोहर्लीजवळच्या सीतारामपेठेत कॅमेऱ्यांची 'आभासी भिंत' उभारलेली आहे. वाघ गावाकडे येताना दिसला की गावाला इशारा मिळतो, आणि माणसाचा जीव वाचवणारं ते फार मोलाचं काम आहे. पण तो इशारा गावापुरता राहतो. हजारो गाड्यांच्या पडद्यांवर वाघाचं ठिकाण गेलं, तर ते शिकाऱ्यालाही गेलं. म्हणून आमची गाडी एवढंच जाणते की या दोन किलोमीटरांत जनावरं रस्ता ओलांडतात, रात्री हळू. कोणतं जनावर, आज आहे की नाही, हे तिला ठाऊक नाही आणि ठाऊक असायची गरजही नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूर–गोंदिया लोहमार्गावर जुनोन्याच्या जंगलात रेल्वेखाली वाघाचे तीन बछडे गेले. ती बातमी मी पुण्यात वाचली तेव्हा दिवसभर काम सुचलं नव्हतं. तो मार्ग माझ्या गावावरून, मूलवरून जातो. त्या पिल्लांना वाचवायला त्यांचं क्षणाक्षणाचं ठिकाण जगाला कळण्याची गरज नव्हती. तिथून पिल्लं जातात एवढं धरून चालणारी गती हवी होती.

बाहेरची माहिती कशी जमवावी याचं एक उत्तम उदाहरण आमच्या जवळच आहे. नागपुरात २०२१ मध्ये 'आयरास्ते' हा प्रकल्प सुरू झाला. इंटेल, हैदराबादची आयआयआयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, महिंद्र आणि नागपूर महापालिका अशांनी मिळून शहर बसगाड्यांवर टक्कर टाळण्याचा इशारा देणारी यंत्रं बसवली. बसचालकाला इशारा मिळतोच, पण तो इशारा कुठे मिळाला हेही नोंदलं जातं. एकाच जागी पुन्हा पुन्हा इशारे येऊ लागले की ती जागा 'ग्रे स्पॉट' धरायची आणि तिथं माणूस मरायची वाट न बघता रस्ता सुधारायचा. थोडक्यात हुकलेला अपघात हीसुद्धा खबर आहे, हा त्यातला विचार मला फार मोलाचा वाटतो. अहेरी आगाराच्या बसवर अशी यंत्रं बसली, तर आलापल्लीपलीकडच्या कोऱ्या नकाशात पहिल्यांदा अक्षरं उमटतील. ज्या रस्त्यावर एसटी हेच एकमेव सार्वजनिक वाहन आहे, त्या रस्त्याची रोजची वही एसटीइतकी चांगली दुसरं कोण लिहिणार?

तोवर कोऱ्या जागेचं काय करायचं, हा आमच्या प्रयोगातला सगळ्यात अवघड प्रश्न होता. आलापल्ली सोडली की मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. गाडीकडे असलेली शेवटची खबर जुनी होत जाते. बाजारात येणाऱ्या बहुतेक सोयी अशा वेळी एक तर गप्प बसतात, किंवा शेवटचं चित्र तसंच दाखवत राहतात. दोन्हींत माणूस फसतो. आम्ही तीन रंग ठेवले. धोका आहे असं कळलं, तो लाल. कोणीतरी पाहिलं आहे आणि खबर ताजी आहे, तो हिरवा. आणि ज्याबद्दल कोणीच काही सांगितलेलं नाही, किंवा सांगून फार वेळ झाला, तो राखाडी. राखाडीत गाडी स्वतःच्या डोळ्यांना जेवढं दिसतं तेवढ्या अंतरात थांबता येईल, एवढाच वेग ठेवते, आणि पडद्यावर लिहिते: 'शेवटची खबर ३ तासांपूर्वीची.'

यावर मतभेद झाले. गडचिरोलीत अर्धा रस्ता राखाडी दिसेल, गिऱ्हाईक कंटाळेल, असं काहींचं म्हणणं होतं. ते म्हणणं खोटं नाही. पण मी त्यांना उलट विचारलं: हा रस्ता राखाडी कोणी केला? तिथल्या माणसानं नाही. तिथं मनोरा उभा राहिला नाही, तिथला अपघात कोणी लिहिला नाही, तिथली मोरी कोणी मोजली नाही. ती उणीव आपण हिरव्या रंगानं झाकली, तर ज्यांच्याकडे आधीच कोणाचं लक्ष गेलेलं नाही, त्यांच्याच दारातून आपली गाडी भरधाव जाईल. मोहफुलं वेचायला वाकलेली बाई आमच्या कोणत्याही नोंदीत नसेल. ती नसल्याची नोंद मात्र आम्ही करू शकत नाही. अखेरीस राखाडी रंग राहिला.

गेल्या दिवाळीत मी मूलला गेले तेव्हा लॅपटॉपवर बाबांना तो नकाशा दाखवला. त्यांचं वय आता अठ्ठ्याहत्तर. चष्मा पुसून त्यांनी आधी आपला तुकडा शोधला, केळझरची मोरी बोटानं दाखवली, तिथला लाल रंग बघून मान हलवली. मग नकाशा पूर्वेकडे सरकवत नेला, वैनगंगेपलीकडे, आलापल्लीपलीकडे. राखाडी भागावर त्यांचं बोट थांबलं.

"इथं कोण असते?"

"इथं कोणी नाही बाबा. इथली खबर कोणी देत नाही."

"मंग गाडी काय करते?"

"हळू जाते."

"बराबर," म्हणाले, आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. थोड्या वेळानं, चहा घेता घेता त्यांनी विचारलं, त्या रस्त्यावर माणूस ठेवायला खात्याला सांगता येत नाही का. मी नकाशाच्या त्या भागाची एक प्रत कागदावर छापून घेतली आहे. कोणते रपटे, कोणत्या मोऱ्या, कुठल्या तुकड्यावर कधी कोणी पाहणीला गेलेलं नाही, हे त्यात क्रमानं लिहिलं आहे. गाडीचं काम चालूच राहील. ही यादी घेऊन या महिन्यात मी गडचिरोलीला जाणार आहे.